रोहिणीचं पान

अठरा वर्षं झाली मला आशा कार्यकर्तीचं काम करून. उमापूरच्या अलीकडं आमचं गाव, साडेतीनशे उंबरा. कोणाला दिवस गेले, कोणाची शुगर वाढली, कोणाच्या लेकराचा डोस राहिला, सगळं माझ्या डोक्यात. केसरबाईला वहीबिही लागत न्हाई, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायची.

म्हणून पौर्णिमा सिस्टर आमच्या उपकेंद्रावर बदलून आली आणि येताना घरचा जुना कंप्यूटर घेऊन आली, तवा मी लई हसले. आधी ती परळी तालुक्यात होती, धर्मापुरीकडं. तिथल्या सगळ्या नोंदी त्या डब्यात. म्हणलं, "सिस्टर, भांडीकुंडी आणायची सोडून हे काय आणलं?"

ती रागावली न्हाई. मला खुर्चीवर बसवलं आणि दाखवलं. एकेका माणसाचं एकेक पान. पानात दुसऱ्या कोणाचं नाव आलं की ते निळं दिसतं, त्याच्यावर टिचकी मारली की त्याचं पान उघडतं. सासूच्या पानावरनं सुनंकडं, सुनंच्या पानावरनं लेकराकडं. आणि हेच सगळं तिच्या मोबाइलातबी. वस्तीवर रेंज नसली तरी ती लिवत राहायची. रेंज आली की मोबाइलातलं कंप्यूटरात आणि कंप्यूटरातलं मोबाइलात आपोआप जाऊन बसायचं. त्याला ती सिंक म्हणायची. वर पासवर्ड, तो आमच्या दोघींनाच ठाऊक.

खरं सांगते, पहिल्याच दिवशी मी गार झाले. तोंडानं मात्र म्हणलं, "ह्यॅ! एवढं तर माझ्या डोक्यातबी हाय."

हळूहळू मी एका बोटानं टाइप करायला शिकले, आणि मग मला चढलीच की! एका दुपारी सिस्टर फिरतीवर गेलती, मी बसले पानं आवरत. दुबार झालेली काढली. तेवढ्यात दिसलं, 'रोहिणी, धर्मापुरी'. आमच्या गावात रोहिणी कोण? एकबी न्हाई. गावातली एकूणएक बाई मला पाठ. म्हणलं, परळीची अडगळ इथं कावून? टाकलं पुसून, वाचलंबी न्हाई. संध्याकाळी सिंक झालं आणि सिस्टरच्या मोबाइलातनंबी ते गेलं. सांगण्यासारखं काही केलंय असं मला वाटलंच न्हाई.

पंधरा दिवसांनी गावातल्या सुरजची बायको स्वप्नाली आजारी पडली. ऊस तोडताना पायाला कोयता लागलता. चिंधी बांधून तशीच कामाला जायची. जखम चिघळली, अंग तापानं फणफणलं, पोरगी काहीबाही बरळायला लागली. सिस्टरनं गाडी बोलावली आणि स्वतः सोबत बसून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी उपकेंद्रावर थांबले.

तासाभरानं सिस्टरचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, कंप्यूटर चालू करा. स्वप्नालीच्या पानावर मी लिहिलंय, माहेरचं पान पाहा. ते पानच उघडत नाहीये. रोहिणीचं."

"कोण रोहिणी?"

"अहो, स्वप्नालीच रोहिणी! लग्नात नाव बदललं ना तिचं, माहेरी अजून रोहिणीच म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी धर्मापुरीला झालं, तेव्हा मीच होते तिथं. एका इंजेक्शननं मरता मरता वाचली. त्याचं नाव लिहून ठेवलं होतं, आता काही केल्या आठवत नाही. इथं डॉक्टर इंजेक्शन भरून थांबलेत."

तिच्या लग्नात मी होते हो! ताटात तांदूळ पसरून सुरजनं अंगठीनं 'स्वप्नाली' लिवलं, तवा टाळ्या वाजवणारी पहिली मी. जुनं नाव काय, हे आमच्यापैकी एकीनंबी इचारलं न्हाई.

"सुरजला काही ठाऊक असंल की!"

"त्याला काहीच माहीत नाही. सासरी पोरगी रोगट म्हणतील म्हणून माहेरच्यांनी सांगितलंच नाही. तिच्या आईला फोन लावला, ती म्हणते पांढऱ्या बाटलीतली सुई होती. ताई, सगळ्याच बाटल्या पांढऱ्या! कंप्यूटरात काही बिघाड झालाय का?"

बिघाड! किती सोपं होतं. हो म्हणलं असतं तर कोणी मला बोट लावलं नसतं. अठरा वर्षांची इज्जत तशीच राहिली असती. डोळ्यांपुढं मात्र ती पोरगी, चिंधी बांधलेला पाय घेऊन पाण्याला जाणारी.

"बिघाड न्हाई, सिस्टर," मी म्हणलं. "ते पान मी पुसलं. आपल्या गावचं न्हाई म्हणून पुसलं."

म्हणलं, आता ही मला फाडून खाणार.

"कधी?"

"पंधरा दिस झाले."

"मग आहे, ताई! पुसलेलं ते तीस दिवस जपून ठेवतं. डावीकडं सगळ्यात खाली कचरापेटी दिसते का?"

घाईघाईत दोनदा भलतंच उघडलं. मग सापडली. आत चार पानं, चारीबी माझीच करणी. तिसरं रोहिणीचं. 'परत आणा'वर टिचकी मारली आणि पान जसंच्या तसं समोर आलं. तारीख, वेळ, किती मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, श्वास कसा कोंडला, आणि खाली तांबड्या अक्षरांत एक ओळ. मी अक्षर लावत वाचायला लागले, "से... सेफ..."

"थांबा, आलं! माझ्या मोबाइलात आलं!" आणि मग तिचा ओरडा, माझ्यासाठी न्हाई, डॉक्टरांसाठी, "सर, सेफ्ट्रायाक्सोन नको! हे बघा, इथं लिहिलंय!"

एक पुरुषी आवाज ऐकू आला, "अरे बापरे, तेच भरलंय. ठेवा बाजूला, दुसरं काढा."

मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. मग उठून त्या कंप्यूटरला हात जोडले. हसायचं तर हसा. माझ्यासारख्या शहाणीनं फेकून दिलेलं त्यानं सांभाळून ठेवलतं, आणि मागितल्यावर एक टोमणा न मारता परत दिलं. माझ्या सख्ख्या जावंनं एवढं केलं नसतं.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ताप उतरलता, पोरगी भिंतीला टेकून चहात बिस्किट बुडवत होती. मी जवळ बसले आणि हळूच म्हणलं, "रोहिणी."

बिस्किट चहात पडलं. डोळे भरून आले तिचे. "मावशी, सासरी या नावानं अजून कोणी हाक मारली न्हाई."

तिची मी माफी मागितली, सगळं सांगून. ती माझा हात धरून बसली.

परत आले तशी सिस्टरला म्हणलं, "माझं पान काढा. बघू काय लिवलंय."

केसरबाई, आशा कार्यकर्ती. रक्तगट. बीपीची गोळी. सिस्टर म्हणाली, "माहेरचं नाव रिकामं आहे, ताई."

"लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, कोणी इचारलंच न्हाई."

"मी विचारतेय ना."

तिला उठवून मी खुर्चीत बसले आणि एका बोटानं लिवलं, सरस्वती. ते निळं झालं. पाठोपाठ टेबलावरचा तिचा मोबाइल टिंग वाजला. तिथंबी नवं पान आलं होतं, सरस्वती.

"आता हे पान कोणी पुसलं तर हात मोडीन त्याचा," मी म्हणलं.

"आणि तुम्हीच पुसलं तर?" सिस्टर हसत होती.

"मी कावून पुसू? आत्ता कुठं सापडलंय."