शेवंतीच्या दुधाची चव

शेवंती घोडीच्या पोटाखालून हात काढून शिवाने ओलं बोट जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. जीभ टाळूला लावून थोडा थांबला.

"खारट," तो म्हणाला. "अजून खारटच हाय."

त्याची बायको बायजाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. सकाळपासून ती तिसऱ्यांदा काही ना काही निमित्त काढून तिथे आली होती. "रंग पांढरा दिसतोय ना पन," ती म्हणाली.

"रंगावर काय जातंस गो? मिठागरातला पानी किती रंग दाखवतो. लाल व्हतो, तांबूस व्हतो. रंग बगून कोन मीठ काढतो का? जीभ सांगंल तेच खरा."

शेवंतीने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगून खाली उतरलं होतं. गेल्या दत्तजयंतीच्या सुमाराला अलिबागच्या किनाऱ्यावरचा घोडा तिला दाखवला होता. घोडीला अकरा महिने लागतात, हे शिवाला ठाऊक होतं. ते कधीच भरले. तुळशीचं लग्न झालं, भात कापून खळ्यात आलं, झोडून झालं, आणि आता दत्तजयंती पुन्हा तोंडावर आली होती. शेवंती तशीच उभी.

शिवाला रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा घास उतरत नव्हता. शेवंतीच्या आधी त्याच्याकडे एक काळी घोडी होती. तिचेही दिवस असेच वर गेले. "होईल, होईल" म्हणत सगळे थांबले, आणि एका सकाळी ती गोठ्यात आडवी पडली ती उठलीच नाही. पोटातलं पोटात राहिलं. तिचं पोट हळूहळू गार होत गेलं, ते शिवाच्या तळहाताला अजून आठवत होतं. आता शेवंतीच्या कुशीवर हात ठेवला की तो आधी तेच बघायचा, ऊब आहे ना.

शिवाचं घराणं मिठागरातलं. कासू गावाच्या पुढे खाडीला लागून त्याच्या बापाच्या कोंड्या, मीठ पिकवायचे वाफे, होते. पाणी कधी एका कोंडीतून दुसरीत घ्यायचं, हे बाप बोट बुडवून, चाटून ठरवायचा. शिवा लहान असतानाच बापाने त्याच्या जिभेला ते वळण लावलं. पुढे मिठागरं बंद पडली, बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत शिरलं आणि कोंड्या तिवरांच्या झाडीखाली गेल्या. शिवाने माथेरानला एका म्हाताऱ्या घोडेवाल्याकडे काम धरलं, घोडं शिकला आणि वरातीची घोडी घेऊन गावी परतला. पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी नवरदेव त्याने लगाम धरून मांडवात नेले. पण मिठागर गेलं तरी जीभ राहिली. गावात लग्न असलं की कालवणाचा हंडा चुलीवरून उतरवण्याआधी कोणीतरी ओरडायचं, "शिवाला बोलवा रं." शिवा यायचा, पळीतले दोन थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, आणि "एक मूठ अजून" किंवा "पुरे" म्हणायचा. त्यावर कोणी शब्द बोलत नसे. तो मान त्याला घोडीच्या लगामापेक्षाही मोठा वाटायचा.

त्याच म्हाताऱ्या घोडेवाल्याने त्याला सांगून ठेवलं होतं, "घोडीचा चीक आधी खारट लागतो. दिवस भरत आले की गोड होतो. गोड लागला की घोडीला सोडून कुठं जाऊ नको."

शेवंतीचा चीक गोड होत नव्हता. दिवस वर जात होते आणि चीक खारटच. त्याचा अर्थ शिवा मनात एकच लावत होता, आणि तो कोणाला बोलून दाखवत नव्हता.

दुपारी मुलाने, हितेशने, पेणच्या प्रवीण डॉक्टरांना फोन लावून दिला. हितेश नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर कामाला होता. आज सुट्टी टाकून थांबला होता.

"आबा, काही घोड्या वर्षभर घेतात," डॉक्टर म्हणाले. "नुसते दिवस वर गेले म्हणून घाबरू नका. सडातून काय येतंय?"

"येतंय साहेब. पन खारट हाय. पान्यासारका."

"रंग?"

"रंग पांढरा हाय. पन रंगावर जाऊ नका तुमी. मी मिठागरातला मानूस हाय."

डॉक्टर म्हणाले, "दूध तयार नसेल आणि दिवस इतके वर गेले असतील, तर मशीनवर बघायला हवं पोटात काय आहे ते. ते माझ्याकडे नाही. मोठ्या दवाखान्यात मी बोलून ठेवतो, आजच घेऊन या. मात्र एक ऐका. विण्याच्या बेतात असेल तर रस्त्यावर काढू नका. टेम्पोत उभ्याउभ्या अडकली तर दोन्ही जीव जातील."

"बेतात नाय साहेब," शिवा म्हणाला. "त्ये मी सांगतो तुमाला."

फोन ठेवल्यावर त्याला जरा बरं वाटलं. निदान काहीतरी करायचं ठरलं. या खेपेला तो वाट बघत बसणार नव्हता.

टेम्पो आला तो खळ्यातच लावला. मागे फळी टाकली, आत पेंढा पसरला. खाडीकाठच्या कातकरी वाडीवरचा बुधा मदतीला आला. शेवंतीसाठी गवत तोच आणायचा, आणि शिवाशी त्याची जुनी थट्टा होती.

"आबा, नवऱ्याला घोडीवर बसवायचा तुमचा धंदा," बुधा म्हणाला, "आनि आज घोडीच गाडीत बसून चालली. वऱ्हाडी कोन, मी का?"

"तू गप मोरकी धर," म्हणत शिवाने घोडीच्या तोंडाची दोरी त्याच्या हातात दिली.

शेवंती फळीपाशी येऊन थांबली. पुढचा एक पाय वर ठेवला आणि परत काढला. तिच्या मानेवर घाम आला होता. थंडीच्या दिवसांत, सावलीत, घाम.

"घाबरली," शिवा म्हणाला. "टेम्पोला घाबरली. चुचकार तिला."

बुधाने चुचकारलं. हितेशने मागून हात लावला. शेवंतीने शेपूट एका बाजूला धरलं आणि मागच्या पायांवर भार घेऊन तिथेच रुतून राहिली. उशीर होतोय, उशीर होतोय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काळ्या घोडीच्या वेळी असाच उशीर झाला होता.

"वढ रं," तो म्हणाला. "हितेश, मागनं दे जोर."

"थांबा," बायजाबाई म्हणाली.

ती पदर खोचून खळ्यात आली होती. कोणी काही बोलायच्या आत ती शेवंतीजवळ वाकली, कासेला हात लावला आणि बोट तोंडात घातलं. आयुष्यात तिने घोडीला चारा घातला होता, पाणी दाखवलं होतं, पण हे काम शिवाचं होतं. त्यात तिने कधी हात घातला नव्हता.

ती उभी राहिली. "गोड हाय," ती म्हणाली. "टेम्पो मागं घेवा."

"काय?"

"दूध गोड हाय. घट हाय. ही आज व्येनार. तिला नेऊ नका तुमी."

शिवाला राग आला. भीतीच्या पोटात असतो तसला राग. "तुला काय कलतंय त्यातला? मिठागरात कोन व्हता, तू का मी? सकालीच चाखलंय मी."

"तुमी व्हते मिठागरात." बायजाबाईचा आवाज चढला नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, घोडीच्या कुशीवर हात ठेवून उभी होती. "मी चुलीशी व्हते. पन माजी जीभ अजून हाय."

बुधाने मान खाली घातली आणि मोरकीची गाठ उगीचच चाचपली.

शिवा वाकला. त्याने सडातून थेंब काढला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. खारट. स्वच्छ खारट. त्याने हितेशकडे पाहिलं. "तू बग रं."

"बाबा, मला काय त्यातलं..."

"बग म्हनतो ना."

हितेशने बोट लावलं, चाटलं. मग हळूच म्हणाला, "गोड हाय, बाबा."

कासूच्या बाजूने गाडीचा भोंगा वाजून गेला.

शिवाच्या डोळ्यांसमोर त्याच्याच घरातली जेवणाची ताटं आली. पावसाळ्यापासून बायजाबाई सगळ्यांच्या ताटात मीठ वेगळं वाढत होती. हितेशच्या ताटात, सुनेच्या, नातीच्या. कोपऱ्यात चिमूटभर. शिवाच्या ताटात नाही. त्याला वाटलं होतं, ही पोरांची नवी तऱ्हा असेल. कालवण खारट झालंय म्हणून तो रोज कुरकुरायचा, आणि रोज ती म्हणायची, "उद्या कमी घालीन." ती खरंच कमी घालत होती. बाकीचे ताटातलं मीठ कालवून खात होते. आणि दिवाळीनंतर पुतण्याच्या लग्नात तो हंड्यापाशी "पुरे" म्हणाला होता, तेव्हा पंगतीत एकामागून एक हात वर झाले होते, मीठ मागायला. कोणी हसलं नव्हतं. आचाऱ्यानेही काही म्हटलं नव्हतं. त्याला तेव्हाच कळायला हवं होतं, की कोणी काही म्हणत नाही याचाच काहीतरी अर्थ आहे.

त्याच्या तोंडात अजूनही खारट चव होती. जीभ छातीठोकपणे सांगत होती, खारट आहे, ने तिला. आणि शेवंतीच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरत होता.

"फली काढ टेम्पोची," शिवा म्हणाला.

"बाबा?"

"फली काढ. आतला पेंढा इथं खल्यात टाक. समदा."

त्याने बुधाच्या हातातून मोरकी घेतली आणि स्वतः सोडली. शेवंती चार पावलं चालली, पेंढ्यावर एकदा गोल फिरली, पुढचे गुडघे टेकले आणि धप्पकन आडवी झाली. तिच्या मागून पाण्याचा लोट आला आणि पेंढा भिजला. टेम्पोवाला दोन्ही हात तोंडावर धरून उभा राहिला. आता ते रस्त्यावर असते तर वाटेतलं वडखळही गाठलं नसतं.

मग कळा सुरू झाल्या. प्रत्येक कळेबरोबर शेवंतीचे चारही पाय ताठ व्हायचे आणि घशातून न ऐकवणारा आवाज यायचा. पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेला एक खूर दिसला, मागोमाग दुसरा. मग काहीच नाही. कळ येत होती, जात होती, खूर तिथेच. शिवा गुडघ्यांवर बसला. त्याच्या दोन्ही तळहातांना काळ्या घोडीचा गारवा आठवला.

"आबा, वढायचा का?" बुधाने विचारलं. त्याच्या बोलण्यात आता थट्टा नव्हती.

"ती जोर करंल तवाच. आधी नाय."

कळ आली. दोघांनी एकेक पाय धरला आणि खालच्या अंगाने ओढ दिली. बायजाबाई शेवंतीच्या डोक्याशी बसून तिचा कान चोळत पुटपुटत होती, "दे गो बाय, दे. झाला, झाला आता." ती घोडीशी बोलत होती, पण शिवालाही ते आपल्याशीच बोलणं वाटलं. पुन्हा कळ. नाक दिसलं. पुन्हा कळ, आणि खांदे सुटले, आणि सगळं अंग एकदम सर्रकन बाहेर येऊन पेंढ्यावर पडलं.

ते हललं नाही.

शिवाने नखांनी पिशवी फाडली, नाकपुड्यांतला चिकटा बोटाने काढला, तोंडात बोट घालून जीभ ओढली. काही नाही. त्याने गोणपाट उचललं आणि छाती चोळायला लागला. जोरात, अजून जोरात. हितेश काहीतरी म्हणत होता, ते त्याला ऐकू येत नव्हतं. हाताखाली ऊब होती, पण ऊब आईची होती की त्याची स्वतःची, हे कळत नव्हतं.

शिंगरू शिंकलं.

एकदा शिंकलं, मग मान हलवली, मग लांबलचक पाय कुठल्या कुठे फेकले आणि बुधाच्या पोटात लाथ बसली.

"आई गो," बुधा म्हणाला आणि मागे बसला. "आल्याआल्या कातकऱ्याला लाथ. मोठा व्हनार हा, आबा."

"हा नाय," बायजाबाई वाकून बघत म्हणाली. "ही हाय."

शेवंतीने मान वळवली आणि ओल्या पोरीला चाटायला लागली. शिवाचे हात मध्ये आले, तर तेही चाटले. तो हात काढून घ्यायचं विसरला.

दिवस बुडायच्या आत वार पडली, शिंगरू धडपडत उभं राहिलं आणि चुकतमाकत सडाला लागलं. डॉक्टरांना फोन झाला. टेम्पोवाला चहा पिऊन गेला. शिवा विहिरीवर हातपाय धुऊन आला, तेव्हा बायजाबाई चुलीशी बसली होती. वालाचं बिरडं रटरटत होतं.

तो तिच्याशेजारी पाटावर टेकला.

"कवापासून म्हाईत हाय तुला?" त्याने विचारलं.

बायजाबाईने लाकूड पुढे सारलं. "पाऊस लागला तवापासून."

"मंग बोलली नाय तू?"

"काय बोलू?"

तिने सवयीने पळी बिरड्यात बुडवली आणि त्याच्यापुढे धरली. या घरात चुलीवरून भांडं उतरायचं ते त्याने चाखल्यावर. हल्लीसुद्धा. तो "पुरे" म्हणायचा, ती भांडं उतरवायची आणि मग ताटांत मीठ वाढायची.

शिवाने पळी हातात घेतली. तळहातावर दोन थेंब घेतले. तळहाताला चटका बसला, तरी तो त्या थेंबांकडे बघत राहिला.

मग त्याने हात तिच्या तोंडापाशी नेला.

"मीठ बग गो," तो म्हणाला.

बायजाबाईने त्याच्या तळहातावरचं चाखलं. बरणी ओढली, एक चिमूट घातली, ढवळलं आणि पळी पुन्हा आपल्याच तोंडाला लावली.

"पुरे," ती म्हणाली, आणि शिवाने फडक्याने धरून भांडं खाली उतरवलं.