तिसऱ्या भेटीनंतर न आलेले

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला वर्गात बसवायचं हे कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं, देव जाणे. पत्र आलं की समुपदेशक म्हणून नोंदणी चालू ठेवायची असेल तर संशोधनपद्धतीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करावा लागेल. वीस वर्षं मी माणसांचं ऐकत आलेय. आता समोरच्याला बरं वाटलं हे ओळखायचं कसं, ते मला दुसरं कुणी शिकवणार होतं.

तो दुसरा कुणी माझ्या भाच्यापेक्षा लहान होता. आम्ही त्याचं नाव चाळणी ठेवलं, कारण काहीही सांगा, तो ते चाळून बघायचा. "हे तुम्हाला दिसलं, की वाटलं?" एवढंच विचारायचा, तेही इतक्या नम्रपणे की भांडताही येऊ नये.

प्रकल्प सोपा होता. आपल्याकडे येणाऱ्यांकडून पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घ्यायचा, सहा भेटींनंतर तोच पुन्हा, आणि फरक मोजायचा. झोप, भूक, कामात लक्ष असे प्रश्न. नववा प्रश्न जगण्याचाच कंटाळा येतो का, असा. हे फॉर्म मी दोन वर्षांपासून भरून घेत होतेच, फक्त कपाटात पडून होते. काढले, बेरजा केल्या. तेवीस जणांपैकी एकोणीस जण सुधारलेले. मी वर्गात तक्ता लावला आणि आपलीच पाठ आपण थोपटून घेत उभी राहिले.

चाळणीने तक्ता पाहिला. "छान आहे, मॅडम. पहिला फॉर्म किती जणांनी भरला होता?"

"चौतीस."

"मग अकरा जण कुठे गेले?"

"ते मध्येच थांबले. त्यांना बरं वाटलं म्हणून थांबले."

"असं त्यांनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बरं वाटलेला माणूस कशाला येईल? दात दुखायचा थांबला की कुणी डॉक्टरकडे जातं का?"

वर्ग हसला. चाळणीही हसला, आणि फळ्यावर माझ्या तेवीसच्या शेजारी त्याने अकरा लिहिलं, त्याभोवती एक गोल काढला. मला इतका राग आला की घरी येऊन मी भांडी आपटली.

आमचे हे पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेत. घरोघरी जाऊन आकडे लिहिण्यात हयात गेली. त्यांनी माझा सगळा फणकारा ऐकून घेतला आणि वाटाणे सोलता सोलता म्हणाले, "आम्हाला एक नियम होता. दाराला कुलूप असलं तर 'दार बंद' लिहायचं. शून्य लिहायचं नाही. कुलूप आहे म्हणजे आत पाणी वापरलं नाही, असं कुठे असतं?"

"तुम्हीही त्याच्याच बाजूचे."

"मी वाटाण्याच्या बाजूचा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ते अकरा फॉर्म टेबलावर मांडले. सगळ्यांना फोन करून 'का थांबलात' एवढा एकच प्रश्न विचारायचा, उत्तर जसंच्या तसं लिहायचं, मध्ये बोलायचं नाही आणि आपली बाजू मांडायची नाही, असं चाळणीने बजावलं होतं. शेवटचं माझ्यासाठी सर्वांत अवघड. एकीची कामाची वेळ बदलली होती. एकाला खरंच बरं वाटलं होतं. मी तेवढ्याच उत्तराखाली दोनदा रेघ ओढली. एक शिक्षिका म्हणाली, "तुम्ही फार बोलता हो." मी तोंड उघडलं, मिटलं आणि लिहून घेतलं.

दहावा फॉर्म बसचालकाचा होता.

पहाटेच्या फेरीला एक म्हातारे गृहस्थ त्याच्या बससमोर आले आणि जागीच गेले. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. पण झोप उडाली, स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा, म्हणून डेपोत टेबलाचं काम दिलं होतं. तो मला ताई म्हणायचा. तिसऱ्या भेटीत तो खूप रडला आणि तेव्हा मी त्याला माझ्या भावाचं सांगितलं. माझा धाकटा भाऊ ट्रकखाली गेला होता. त्या ट्रकच्या ड्रायव्हरवर आम्ही राग धरला नाही, मी त्याला केव्हाच माफ केलं, असं मी म्हटलं. वाटलं, याच्या मनावरचा धोंडा उतरेल. त्याने डोळे पुसले. "बरं वाटलं, मॅडम," म्हणाला, हात जोडले आणि गेला. ताईची मी मॅडम झाले, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ती माझी वर्षातली सर्वांत चांगली भेट, असं मी मैत्रिणीला सांगितलंही होतं.

फॉर्मवर नवव्या प्रश्नासमोर दोनची खूण होती, म्हणजे 'बऱ्याचदा'. तो यायचा थांबून दोन महिने झाले होते, कागद माझ्या कपाटात होता आणि मी त्याला बऱ्या झालेल्यांत धरलं होतं.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अडीअडचणीला म्हणून त्याने बहिणीचा नंबर लिहिला होता, तिला लावला. तिला काय सांगायचं नि काय नाही, ते मनात चारदा घोकलं. म्हटलं, भावाला मला फोन करायला सांगाल का?

"उद्याच सांगा ना तुम्ही," ती म्हणाली. "उद्या मंगळवार. येतोय की तुमच्याकडे दर मंगळवारी. चारला निघतो घरातून, सहाला परत. तुमच्यामुळे टिकलाय हो तो."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्याकडे तो आठ मंगळवार आलेला नव्हता.

त्यानंतर मी बसले नाही. खोलीत फेऱ्या मारल्या. घरी मीठ दोनदा घातलं. संध्याकाळी पुन्हा बहिणीला लावला, तो घरी आहे ना एवढंच विचारलं. जेवायला बसला होता. सकाळी डेपोत लावला, तर तो अर्धा दिवस सुटी घेऊन निघाला म्हणाले. हे म्हणाले, जरा थांब. मी म्हटलं, थांबूनच दोन महिने घालवलेत. मंगळवारच्या दुपारच्या दोन्ही भेटी पुढे ढकलल्या. चारनंतर त्याच्या घरापासूनच्या रस्त्याने चालत जायचं ठरवलं आणि छत्री शोधायला खिडकीशी गेले.

माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून असते. समोरच्याच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून वीस वर्षांपूर्वी मीच तशी लावली. खाली, रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर तो बसला होता. एक बस आली, माणसं चढली, बस गेली. तो तिथेच. दुसरी आली, तीही गेली. नजर माझ्या खिडकीकडे होती. मला पाहिलं तसा उठायला लागला.

मी चपला न घालता जिना उतरले. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही; कुणीतरी हॉर्न वाजवला एवढं खरं. तो घाबरून पुढे आला आणि मला दंडाला धरून फुटपाथवर घेतलं.

"बघून चालत जा, मॅडम," म्हणाला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

वर आणलं. पाणी दिलं. मग सवयीने मी फॉर्म पुढे केला. माझ्याकडे बघत बघत त्याने भराभर खुणा केल्या आणि कागद परत दिला. नऊच्या नऊ शून्य. इतकी बरी तर मीही नाही.

"हे कुणासाठी भरलंत?" मी विचारलं.

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं. मी जीभ दाताखाली धरून बसले.

"तुमचा भाऊ गेला," तो म्हणाला. "आणि मी तुमच्यासमोर बसून माझंच रडत होतो. तुम्ही त्या माणसाला माफ केलंत. म्हणजे माफ करण्यासारखं त्याने काहीतरी केलं होतं. मग मीही केलं असणार. खाली यायचो दर वेळी. वर यायची हिंमत नव्हती. घरी बसलो असतो तर बहिणीने विचारलं असतं."

मला वाटलं होतं, मी त्याला आधार दिला. मी तर त्याच्यासमोर न्यायाधीश होऊन बसले आणि निकाल देऊन मोकळी झाले. लाज वाटली. तसं स्पष्ट सांगितलं त्याला.

"चुकले मी. ते माझ्या घरचं होतं, तुमच्या वेळात आणायचं नव्हतं. तुमचं तुम्ही सांगा, ते वेगळं आहे."

नवा कोरा फॉर्म त्याच्यासमोर ठेवला आणि मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलं. आत पेन थांबत होतं, चालत होतं. आयुष्यात एवढा वेळ गप्प मी कधी राहिले नसेन.

आत आले. त्याने कागद उलटा ठेवला होता. मी सरळ केला. एकूण बेरीज पहिल्यापेक्षा सात गुणांनी जास्त, म्हणजे तेवढी वाईट. नवव्या प्रश्नासमोर तीन, म्हणजे 'जवळजवळ रोज'.

"आजही?" मी विचारलं.

"सकाळी. डेपोतून निघताना."

मी मानसोपचाराच्या डॉक्टरांना त्याच्यासमोर फोन लावला आणि आजच संध्याकाळची वेळ घेतली. त्याला विचारून बहिणीलाही बोलावलं. ती येईपर्यंत तो त्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल बोलला. हातात पिशवी होती, म्हणाला, राखाडी रंगाची. हे त्याने याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी एक शब्द मध्ये घातला नाही.

त्या सुधारलेल्या एकोणीस जणांनी माझ्याकडे बघत बघत किती शून्यं लिहिली असतील, ते आता मलाच शोधायचं होतं. तक्ता फाडावा लागणार होता. चाळणी खूश होईल, होऊ दे.

बहीण दाराशी आली तसा तो उठला. "पुढच्या मंगळवारी येऊ?"

"उद्या या," मी म्हटलं. "आणि थांब्यावर बसू नका. थेट वर या."

ती दोघं गेली. मी खुर्ची उचलून फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली.