पपांची सही

गेल्या वर्षभरात माझ्या ऑफिसात घराचा विमा काढायला आलेल्या एकानंही पुराचा विमा नाकारलेला नाही. त्याचं श्रेय माझं नव्हे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या माझ्या वडिलांचं. यूलिस मेलान्सों, वय एक्याऐंशी, साखर कारखान्यातले निवृत्त वेल्डर. सकाळी माझ्याबरोबर येतात, काळी कॉफी घेतात, आणि गिऱ्हाईक "पुराचं तेवढं राहू दे" म्हणालं की खुर्चीतूनच आवाज देतात.

"माझ्याकडे बघ, बाबा. ही नोएली घसा कोरडा होईस्तोवर सांगत होती, पपा घ्या, पपा घ्या. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. आता हिच्याच घरात मागच्या खोलीत झोपतो."

गिऱ्हाईक हसतं आणि सही करतं. मी कागद पुढे सरकवते, पण वर बघत नाही. कारण मागच्या खोलीचं सोडलं तर पपांच्या बोलण्यातलं एक अक्षरही खरं नाही.

लुइझियानाच्या या टोकाला जमीन म्हणजे पाण्यानं तात्पुरती दिलेली जागा. तरी लोकांना वाटतं, घराचा विमा काढला की सगळं आलं. वारा येतो, आग येते, चोरी येते, घरावर पडलेलं झाड येतं. जमिनीवरून चालत येणारं पाणी त्यात येत नाही, त्याचा विमा वेगळा. हे मी प्रत्येकाला वीस मिनिटं घेऊन समजावते. तरीही नको म्हणाला तर एका कागदावर सही घेते: एजंटनं मला सगळं नीट सांगितलं, मी स्वतःच्या मर्जीनं नाकारतो आहे.

पपा स्वतःच्या घराचा विमा नवा करायला आले तो शुक्रवार होता आणि बाहेर तिघं ताटकळत होते. घराचं कर्ज फिटलं होतं, त्यामुळे बँकेची सक्ती उरली नव्हती. सरकारच्या नव्या नकाशानंही त्यांची गल्ली पुराच्या धोक्याच्या पट्ट्यातून वगळली होती.

"पुराचं पण घेऊन टाकू का गं?" त्यांनी विचारलं. "तुझी आई दरवर्षी घ्यायला लावायची."

"आईचं काय घेऊन बसलात, पपा! ढग दिसला तरी खुर्च्या पलंगावर चढवायची ती. तुमच्या पायरीला जन्मात कधी पाणी लागलंय का? त्यापेक्षा दात बसवून घ्या."

"तू म्हणतेस तर नको."

परक्याला वीस मिनिटं देणारी मी, बापाला दोनसुद्धा दिली नाहीत. वर सवयीनं तो कागद पुढे केला. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून बोटानं जागा दाखवली. त्यांनी सही केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला पाऊस साधं वादळही नव्हता, त्याला कुणी नावसुद्धा दिलं नाही. चार दिवस नुसता पडत राहिला. चौथ्या दिवशी घरामागच्या बायूचं, त्या संथ खाडीचं, पाणी पात्र सोडून गल्लीत शिरलं आणि दुपारपर्यंत पपांच्या स्वयंपाकघरात छातीएवढं झालं. शेजाऱ्यानं त्यांना होडीतून बाहेर काढलं, तेव्हा मांडीवर आईचं गंबोचा रस्सा शिजवायचं बिडाचं भांडं तेवढं होतं.

ते घर त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः बांधलं होतं. आई बुटकी, म्हणून ओट्यावरची खिडकी मुद्दाम खाली घेतली होती, तिला उभ्या उभ्या बायू दिसावा म्हणून. आम्ही बाकीचे सगळे आयुष्यभर त्या खिडकीत वाकून बघत आलो.

विमा कंपनीचा माणूस आला, शिडी लावून वर चढला, उतरला आणि म्हणाला, "छप्पर उत्तम आहे." त्याखालचं घर मात्र पाडावं लागलं. माझ्या फायलीत तो सही केलेला कागद होता. घर वाचवायला नव्हे, मला वाचवायला.

त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या जेवणात माझा चुलतभाऊ रेमी सगळ्यांसमोर म्हणाला, "गावाला विमे विकतेस, सख्ख्या बापाला नाही विकता आला?"

माझ्या आधी पपाच बोलले. "तिला कशाला बोलतोस? ती पाया पडत होती. मीच हट्टी."

मी ताटातल्या भाताकडे बघत राहिले. माझा परवाना पणाला होता, गावातलं नाव पणाला होतं. गप्प बसणं इतकं सोपं गेलं की अजून स्वतःची लाज वाटते.

परवा एक नवं जोडपं आलं. पपांनी सुरुवात केली, "माझ्याकडे बघ, बाबा..." आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं. नको म्हणणारी मी होते."

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले, घाईघाईनं सह्या केल्या आणि गेले. पपा उठले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?"

"पपा, खरं काय ते—"

"खरं मला ठाऊक आहे! तिथं मीच होतो ना." त्यांचा आवाज फाटला. "तुझी आई मरेपर्यंत सांगत होती, घेत जा म्हणून. तिचं टाकलं आणि तुझं ऐकलं. हट्टी म्हातारा म्हणून मला जगता येतं, नोएली. लोक हसतात, मीही हसतो. पण लेक एकदा नको म्हणाली आणि तेवढ्यावर तुझ्या आईची खिडकी घालवली, असं म्हणून जगता येत नाही मला. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

मला वाटत होतं, ते वर्षभर मला पाठीशी घालत होते. त्यांचा स्वतःचा आधारही तेवढाच होता आणि तोही मी काढून घेतला होता.

आज सकाळी ते माझ्याबरोबर येतील असं वाटलं नव्हतं. आले. कॉफी घेतली, खुर्चीत बसले. दहाच्या सुमाराला एक कोळंबीवाला आला, सगळं ऐकून म्हणाला, "पुराचं तेवढं राहू दे, बाई."

पपा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं रोजचं वाक्य आज आलं नाही.

"हे माझे वडील," मी म्हणाले. "मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते, पपा घ्या, पपा घ्या. पण ऐकतील तर शपथ."

पपांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"खरं आहे," ते म्हणाले. "फार हट्टी होतो मी."