बबिताचं बोलणं

“या ताई, बसा हितं सावलीला. गरम पिठलं हाय, आन् संगं… संगं ही…”

बबितानं हातातली भाकरी वर धरली आणि ती थांबली. रोज शंभर वेळा तोंडात येणारा शब्द येईना. ती भाकरीकडे बघत राहिली. गड चढायला आलेल्या पोरींना ती गंमत वाटली. त्या हसल्या, तशी बबिताही हसली. पण चुलीमागे ताटल्या विसळणाऱ्या सावळ्याला तिचे डोळे दिसले. त्यात हसू नव्हतं.

लोहगडवाडीत त्या दोघा नवरा-बायकोचं गवती छपराचं छोटं हॉटेल होतं. पाणी, सरपण, भांडी सावळ्याची आणि बोलणं सगळं बबिताचं. गिऱ्हाईक तिनं बोलवायचं, जीपवाल्याशी तिनं भांडायचं, रेशन दुकानात तिनं आवाज चढवायचा. सावळ्या मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्यानं नाव विचारलं, तर तेही त्याच्या मामाला सांगावं लागलं होतं. पुढं सारा संसार त्यानं बायकोच्या जिभेवर केला. लेक प्रतीक्षासुद्धा सासरहून फोन केला की म्हणायची, “आबा, तुमाला काय विचारू, आयेला द्या.”

भाकरी हातात धरून शब्द अडला, त्यानंतर आठवडाभरात चुलीपाशी बसल्या बसल्या बबिताचा उजवा हात थडथड उडायला लागला, तोंड वाकडं झालं आणि ती आडवी झाली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तडक पुण्याला धाडलं.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टर राजेश्वरी म्हणून बाई होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ आहे, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण त्याआधी आणखी एक वेगळा एमआरआय हवा होता.

“झाला की एकदा फोटू,” बबिता म्हणाली.

“त्यात गाठ दिसली. आता गाठीच्या आजूबाजूच्या वाटा बघायच्यात. मेंदूत बारीक तंतू असतात, त्यांच्या कडेनं पाणी सरकतं. ते कुठल्या दिशेला सरकतं हे मशीन टिपतं. त्यावरून बोलण्याची वाट कुठून जाते, ते काढता येतं. फक्त अजिबात हलायचं नाही.”

दाराबाहेर बाकावर सावळ्या बसून राहिला. आत मशीनचा धडधडाट सुरू झाला. खाणीत दगड फोडताना होतो तसला. एवढा आवाज तिच्या डोक्याभोवती चाललाय आणि ती निपचित पडलीय, हे मनात आलं तसा तो उठून दारापर्यंत जाऊन आला. आवाज थांबला की वाटे, आत काही झालं. पुन्हा सुरू झाला की वाटे, आता होईल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. बबिताचं डोकं आणि त्याच्या आत रंगीत धाग्यांचे झुबके, निळे, हिरवे, तांबडे. त्यातला एक झुबका कानामागून कपाळाकडे विळ्यासारखा वळला होता.

“ही बोलण्याची वाट. आणि ही गाठ, तिला रेटून बसलीय.”

विळ्याच्या मधोमध धागे विरळ झाले होते. एका जागी तर नव्हतेच. सावळ्यानं तिथं बोट नेलं.

“हितं तुटली का?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “सूज असली की मशीनला पुढचं दिसत नाही. धागा दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं नसतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी यांना जागं ठेवणार. चित्रं दाखवू, त्या नावं सांगतील. शब्द अडखळला की कळेल, वाट जवळ आली.”

एवढ्या मोठ्या मशीनलाही सांगता येत नाही, हे ऐकून सावळ्यानं चित्रावरचं बोट मागे घेतलं.

“मंग सगळी गाठ न्हाई निघायची?”

“सगळी काढायला गेलो तर बोलणं जाऊ शकतं. ठेवली तर औषधं, रेडिएशन देऊ. पण ती पुन्हा वाढू शकते.”

“काडा सगळी,” सावळ्या म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “मुकी झाली तरी चालंल. जगू द्या. बोलंन मी.”

बबितानं त्याच्याकडे वळून बघितलं.

“तुमी बोलणार? जीपला थांब म्हणता येत न्हाई तुमाला.” मग ती डॉक्टरांकडे वळली. शब्द चाचपडत, एकेक जोडत म्हणाली, “बाई, जितं बोलणं अडंल, तितं… हात थांबवा. उरली तर उरू द्या.”

“बबे, आगं…”

“डोस्कं माजं हाय,” ती म्हणाली. सावळ्यानं पदराआडचा तिचा हात धरला.

ऑपरेशनच्या दिवशी तो जिन्याजवळ भिंतीला टेकून उभा होता. आत ती आता नावं सांगत असेल. कशाकशाची? त्याला राहवेना. तो तोंडातल्या तोंडात सांगू लागला. तवा. परात. हंडा. कोंबडी. चप्पल. येणारे-जाणारे बघत होते. आपण थांबलो तर तीही अडेल, अशी काहीतरी भीती त्याला धरून बसली होती. घशाला कोरड पडली तरी तो थांबला नाही.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या टोपीखालचे केस घामानं चिकटले होते.

“बोलतायत,” त्या म्हणाल्या. “‘कुलूप’ म्हणताना अडल्या, तिथं मी थांबले. थोडी गाठ ठेवलीय.”

“कुलूप,” सावळ्या तोंडातल्या तोंडात म्हणाला.

रेडिएशन संपलं, हिवाळा आला आणि ती दोघं वाडीत परतली. डोक्याला फडकं बांधून बबिता पुन्हा चुलीपुढं बसू लागली. पूर्वीइतकंच बोलायची. मधेच एखादा शब्द निसटायचा, मग ती डोळे मिटून त्याला शोधून आणायची. तेवढा वेळ सावळ्याचे हात जागच्या जागी थांबायचे. तपासणीची तारीख जवळ आली की त्याला जेवण जात नसे.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बबिता समोरच्या उतारावरच्या गवताकडे बघत बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नव्हती. सावळ्यानं हातातली ताटली खाली ठेवली.

“बबे.” ती हलली नाही. “बबे, बोल की काय तरी.”

तिनं सावकाश मान वळवली.

“अवं, मानसानं घडीभर गप बी बसू न्हाई का?”

“बस की,” सावळ्या म्हणाला. “बस. मी कुटं न्हाई म्हनतो?”

आणि घासून झालेली ताटली त्यानं पुन्हा घासायला घेतली.