शनिवारचं भूत

"पहिलं मूल झालं की घरात भांडणं वाढतात, मासिना. भांडण पेटलं की आधी बघायचं, दोघं जेवलात का, झोपलात का. कुणाचं चुकलं ते नंतर." दवाखान्यातली नर्स वायोला असं म्हणाली, तेव्हा मासिना हसली होती. राजधानीत, आपियाच्या कॉलेजात शिकलेली मुलगी ती; तोमासीवर जीव टाकून लग्न केलेली. नवऱ्याशी भांडू का, हे काय पोटाला विचारायचं?

आज त्याच तोमासीशेजारी ती चटईवर बसली होती. मांडीवर तान्ही सिना, आणि भोवती अख्खं गाव. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे दर दोन खांबांमधून पाच-सहा डोकी आत डोकावत होती. शनिवारची संध्याकाळ होती. प्रार्थनेचा शंख वाजायच्या आत पेलेनातोबुवा भांडणारी जोडपी तपासत असे.

"हा कपडा साधा नाही!" बुवानं हळदीत बुडवून वाळवलेला पिवळाधमक तुकडा फडकवला. "माझ्या पणजोबांना समुद्रानं स्वतः आणून दिला. हा खोटं बोलत नाही, चहाडी करत नाही आणि बायकांना भीत नाही. असा एक तरी नवरा या गावात दाखवा!"

लोक खो खो हसले. हळदीबद्दल शंका कोण घेणार? बाळ-बाळंतिणीच्या अंगाला ती पिढ्यान्‌पिढ्या लावतात. सिनाही हळदीनंच माखलेली होती.

बुवानं दोघांच्या तळहातांवर मंतरलेलं पाणी शिंपडलं. तोमासीनं हात कपड्यावर दाबला. कपडा पिवळाच. मग मासिनानं दाबला. हात उचलला, तर पाच बोटं हळूहळू उमटत गेली, रक्तासारखी लाल.

"परत आलं गं बाई, भूत परत आलं!" बायका किंचाळल्या.

"मी म्हटलंच होतं," सासू लूपे म्हणाली. "मागच्या खेपेला बुवांनी काढलं, तर कसं आठवडाभर घर शांत होतं. सूनबाई, तुझं तोंडच दार उघडतं त्याला."

बुवानं लालीवर लिंबू पिळलं. लाल रंग पुन्हा पिवळा झाला. गर्दीनं सुस्कारा सोडला. "गेलं, पण उंबऱ्याशी बसलंय," बुवा डोळे मिटून म्हणाला. "भांडणाचं भूत फार चिवट. अशा बाईचं दूध लेकराला नको. सोमवारच्या बोटीनं पोर आत्याकडे पाठवा. आणि दक्षिणा म्हणून ती कोपऱ्यातली बारीक विणीची चटई इकडे सरकवा."

ती चटई मासिनाच्या आईनं लग्नासाठी विणलेली. लूपेनं ती निमूट बुवापुढे ठेवली.

"तोमासी, बोल ना काहीतरी!" मासिना कुजबुजली. "आपली लेक चाललीय!"

"काय बोलू? त्या आठवड्यात आपण एकदाही भांडलो नव्हतो. ते कसं काय? सांग ना, तू शिकलेली आहेस."

तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. शिकून काय मिळालं, तर गावासमोर तोंड बंद.

गर्दी पांगली, शंख वाजून प्रार्थना झाली, तरी सिनाचे लंगोट तिचीच वाट बघत होते. ते कुणाच्या मंतरानं धुतले जात नाहीत. तिनं रागारागात एक हळदीनं माखलेला लंगोट ओढला आणि त्यावर साबणाची वडी घासली.

लंगोट लाल झाला.

सिनाच्याही अंगात? लगेच तिला स्वतःचाच संताप आला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद किती वेळा सोड्यात बुडवून लाल केला होता! तिनं लिंबू पिळलं, लंगोट पिवळा. पुन्हा साबण, लाल. चुलीतली चिमूटभर राख पाण्यात कालवून लावली, तीही लाल.

म्हणजे शनिवार! रविवारी चर्चला सगळ्यांना पांढरे कपडे लागतात, म्हणून शनिवारी गावातली प्रत्येक बाई सकाळपासून साबणात कोपरापर्यंत बुडालेली. टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं, मग हात कोण खळखळून धुणार? बुवाचं शिंपडलेलं पाणी तो साबण ओला करायचं, बस्स. पुरुष येणार तारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या मळ्यातून, हाताला नुसती माती घेऊन. भूत नेमकं बाईतच सापडायचं!

आणि तो शांत आठवडा? त्या वेळी बुवानं पथ्य दिलं होतं: बाईनं दुपारी झोपायचं, संध्याकाळचं सासूनं रांधायचं, जेवण होईस्तोवर घरातला एकही विषय काढायचा नाही. पथ्य संपलं आणि पुन्हा तेच. तोमासी मळ्यातून भुकेला यायचा, ती सकाळपासून उपाशी, जागरणानं डोळे चुरचुरणारे, पोर रडतंय. आणि भांडण कशावरून, तर कोयता कुणी उन्हात टाकला! वायोलानं हेच तर सांगितलं होतं, चटई न घेता.

रविवारी उजाडताना मागच्या अंगणात पुरुष दगड तापवत होते. रविवारचं जेवण तापल्या दगडांवर पुरुषांनीच भाजायचं. तोमासी निखारे सारून दगड पसरत होता, कोपरापर्यंत राखेनं पांढरा. पहिल्या भाजलेल्या नीरफणसाची वाट बघत बुवाही येऊन बसला होता.

मासिनानं हळदीत बुडवलेला आपला कपडा त्यांच्यामध्ये अंथरला आणि तोमासीच्या हातावर पाणी ओतलं. "हात ठेव."

"आत्ता? अगं, चर्चला उशीर..."

"उद्या माझी लेक जाणार आहे. हात ठेव!"

त्यानं ठेवला. पाच बोटं उमटली. लाल.

"अरे तोमासी, तुझ्याही अंगात!" थोरला काका हसत सुटला.

"काका, तुम्हीही ठेवा." काकांचा पंजा तर मनगटापर्यंत लाल उमटला. काकांचं हसू थांबलं.

"रविवारी हे पाप आहे!" बुवा उठू लागला. "तो कपडा खोटा आहे!"

"मग खरा काढा. नाही? बरं, हात तरी द्या." तिनं त्याच्या लिंबाचा वास येणाऱ्या तळव्यावर ओला साबण खसाखसा चोळला आणि हात कपड्यावर दाबला.

लूपे वाकून बघत राहिली. "पेलेनातो, तुझ्यातही? पण तू भांडतोस कुणाशी? तुला तर बायकोच नाही!"

अंगणभर हशा पिकला. मासिनाला मात्र हसू येईना. तिनं साबण, राख आणि लिंबू पुढे ठेवून प्रत्येकाला करून दाखवलं. हळदीला साबण लागला किंवा राख लागली की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. एवढंच. आणि तरी काका म्हणालाच, "असेल बाई साबण. पण भूत साबणातून येत नाही कशावरून?"

तिनं कपाळाला हात लावला.

बुवाला शेजारच्या गावाची आठवण झाली. तो फणस न खाताच निघाला. लूपेनं धावत जाऊन आपली चटई तेवढी त्याच्या गाठोड्यातून ओढून काढली.

तोमासी बराच वेळ हात धूत बसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "सिना कुठेही जाणार नाही." हात पुसत त्यानं विचारलं, "तू कालपासून काही खाल्लंस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं पानात गुंडाळलेला गरम तारो तिच्यापुढे ठेवला आणि सिनाला स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

खाता खाता मासिनाला लेइतू आठवली. पाण्याच्या टाकीपलीकडच्या घरातली. तिचाही पंजा असाच एका शनिवारी लाल झाला होता, आणि पोराला मागे ठेवून तिला माहेरी धाडलं होतं. तेव्हा गर्दीत मासिनाही होती, पहिल्या रांगेत. चर्च सुटल्यावर ती लूपेला घेऊन त्या घरी गेली, साबण आणि लिंबू बरोबर घेऊन. लेइतूचं पोर परत तिच्याकडे जाईल की नाही, अजून ठरलेलं नाही. लोकांना भूत सोडवत नाही.

म्हणून मासिनाचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. नवरा-बायको भांडतात, त्याला कारण असतं. ते शोधलं तर सापडतं, आणि बऱ्याचदा ते फार साधं असतं. कुणी ते तुम्हाला रंगात दाखवू लागला, तर त्याच रंगात आधी त्याचा हात बुडवा. आणि तुमच्या शेजारी नुकतीच बाळंत झालेली, हल्ली फार चिडते असं सगळे म्हणतात अशी कुणी असेल, तर आजच तिच्याकडे जा. बाळाला घटकाभर घ्या. ती जेवली का, तेवढं विचारा.