दोन खुर्च्यांची रोझरी

त्या दुकानात दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि वस्तऱ्याला धार लावायचा एकच पट्टा होता. खुर्च्या दोन भावांच्या. उजवीकडची थोरल्याची, डावीकडची धाकट्याची. धाकट्याला सगळे किटली म्हणायचे, कारण तो तापला की आधी नाकातून वाफ निघायची, मग शिट्टी व्हायची आणि मग झाकण उडायचं. एकदा तो असा तापलेला असताना मी माझा चष्मा त्याच्या नाकासमोर धरून वाफेवर पुसून घेतला आहे. कोणाला खोटं वाटत असेल त्याने येऊन चष्मा पाहावा, अजून लख्ख आहे.

हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, आणि त्याला कारण होती माझी मिशी.

झालं असं, की थोरला माझी मिशी कापत होता. उजवी बाजू झाली, एवढ्यात फोन वाजला आणि तो आत गेला. किटलीचं मन मोठं. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून डावी बाजू त्याने उरकून टाकली. आता थोरल्याची पद्धत बारीक, खाली झुकती. किटलीची भरदार, वर चढती. फोन संपवून थोरला बाहेर आला तेव्हा माझ्या तोंडावरची एक बाजू शोकसभेला निघाली होती आणि दुसरी लग्नाला.

"माझ्या कामाला हात कोणी लावला?" थोरला म्हणाला.

"मदत केली तर वर हे ऐकायचं," किटली म्हणाला.

त्यानंतर बोलती बंद. मी दोन्ही बाजू वाढवून पुन्हा सारख्या करून घेतल्या, पण त्या दोघांचं काही सारखं झालं नाही.

दुकान एक, पट्टा एक. बोलल्यावाचून भागतंय कुठे? म्हणून ते गिऱ्हाइकांच्या तोंडून बोलायचे. गालाला फेस लावून बसलेल्या माणसाला थोरला सांगायचा, "यांना म्हणावं, पट्टा झाला असेल तर इकडे द्या." किटली म्हणायचा, "त्यांना सांगा, हात आहेत, उचलून घ्या." निरोप द्यायला गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की फेस आत. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पुरुषांनी त्या भांडणापायी साबण खाल्ला आहे. पोटं मात्र स्वच्छ राहिली.

रागाचं शेवटी होतं तेच झालं. किटलीचा उजवा हात थरथरायला लागला. डोकं ठणकायचं, कानात शिट्ट्या वाजायच्या. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टी बांधली, फुगवली, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हा तुमचा रक्तदाब आहे की दुकानाचा फोन नंबर?"

किटलीने नाकातून वाफ सोडली.

"गोळ्या देते, त्या रोज घ्यायच्या. पण नुसत्या गोळ्यांनी हे आटोक्यात येणार नाही, डोकं थंड झालं पाहिजे. तोवर वस्तरा हातात धरायचा नाही. लोकांचे गळे आहेत ते. शनिवारी परत बघते. उतरला नाही, तर खुर्ची भावाला देऊन टाका आणि घरी बसा."

'घरी बसा' ऐकून किटलीचा चेहरा तुरटीसारखा पांढरा पडला. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. गालावरून वस्तरा फिरताना जो बारीक खरखर आवाज होतो ना, त्यावर तो माणूस जगत होता. आणि खुर्ची द्यायची ती कोणाला, तर थोरल्याला.

"लहानपणी चिडलात की शांत कशाने व्हायचात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आई रोझरीला बसवायची, मरियेची माळ जपायला."

"मग बसा. तेच तेच शब्द सावकाश म्हणत राहिलं की श्वास लांबतो, नाडी खाली येते. देवाला काय पोचतं ते फादरना विचारा. रक्तदाबाला पोचतं, एवढं मी सांगते."

औषध सोपं होतं. अडचण होती ती त्या घरच्या रीतीत. रोझरीतली नमो मरिया दोन भागांत म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पहिला भाग एकाने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. त्यांच्या आईने घरातली प्रत्येक गोष्ट दोन पोरांत अर्धी अर्धी वाटलेली होती. पाव, पांघरूण आणि नमो मरिया. पहिला भाग थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. ती स्वतः मध्ये बसायची आणि दोघांच्या वतीने आमेन म्हणायची. भांडायला जागाच ठेवली नव्हती बाईने. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी किटलीच्या जिभेवर बसलेला होता तो दुसराच भाग. पहिला ठाऊक नव्हता असं नाही, पण तो म्हणायला तोंडच उघडायचं नाही. दारात उभा राहून कोणीतरी 'या' म्हणायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची गत.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात उपचार सुरू केले. वस्तऱ्याला हात लावायचा नव्हता. पण पोस्टमन येऊन खुर्चीत बसला, मान मागे टाकली, आणि किटलीला राहवलं नाही. थरथरता वस्तरा गळ्याशी नेऊन, डोळे अर्धे मिटून, आपल्या वाट्याचा भाग तो पुटपुटायला लागला: "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी."

पोस्टमनने एक डोळा उघडला.

"आता आणि आमच्या मरणाच्या वेळी," किटली पुन्हा म्हणाला.

पोस्टमन खुर्चीतून जो सुटला, तो गळ्यातल्या कापडासकट. त्या दिवशीचं सगळं टपाल त्याने फेसाळल्या तोंडाने वाटलं, आणि त्याला बघून गल्लीतली कुत्री पहिल्यांदाच बाजूला झाली.

मग त्याने वहिनीला पहिल्या भागाला बसवलं. वहिनी भाविक, पण तिचे कान कायम स्वयंपाकघरात.

"नमो मरिये कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे, अहो दूध बघा जरा उतू जातंय, स्त्रियांमध्ये तू धन्य, नाहीतर आम्ही, आम्हाला कोण धन्य म्हणतंय या घरात..."

"तू मरियेशी बोलतेयस की माझ्याशी?"

"तिला सगळं माहितीये. तुम्हालाच सांगावं लागतं."

दूध उतू गेलं आणि रक्तदाबही.

आता राहिला दुकानातला कोपरा. वस्तरा कपाटात ठेवून किटली स्टुलावर बसला आणि आपला अर्धा भाग एकट्याने, भराभर, गाडी चुकत असल्यासारखा म्हणायला लागला. मी थोरल्याच्या खुर्चीत फेस लावून बसलो होतो. थोरल्याला जगात सगळं सहन व्हायचं, अर्धवट काम तेवढं सहन व्हायचं नाही. त्याचा वस्तरा माझ्या गालावर मध्येच थांबला.

"यांना सांगा," तो मला म्हणाला, "प्रश्न कोणी विचारलेला नाही आणि हे उत्तर देत सुटलेत. ही कुठली पद्धत?"

मी साबण गिळून निरोप दिला.

"त्यांना सांगा," किटली म्हणाला, "पहिला भाग ज्याचा आहे, त्याने तोंडाला कुलूप घातलंय. मी काय करू? शनिवारी माझा वस्तरा जाणार आहे. खुर्ची त्यांनाच मिळणारे, मग हवं तेवढं पसरून बसा म्हणावं."

हा निरोप मी दिला नाही. द्यावा लागला नाही. थोरल्याने वस्तरा पुसला आणि घडी करून ठेवला. माझ्या गालावरचा फेस वाळून तडकायला लागला. मग तो आरशाकडे तोंड करून, भावाकडे चुकूनही न बघता, सावकाश म्हणाला, "नमो मरिये कृपापूर्णे..."

किटलीचं तोंड आपोआप मिटलं. थोरल्याचा भाग संपेपर्यंत त्याने एक लांब श्वास घेतला; कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, असं मला वाटतं. मग त्याचा भाग आला आणि त्याने तो सोडला. तेवढ्यात थोरला श्वास घेऊन तयार.

"बोललात की एकदाचे," मी म्हणालो.

"कोण बोललं?" थोरला म्हणाला. "मी मरियेशी बोलतोय."

"मीही," किटली म्हणाला.

म्हणजे अबोला शाबूत आणि रोझरी चालू. हात कामात असल्यामुळे माळ धरायची सोय नव्हती. पण रोझरीत नमो मरिया दहा-दहाने मोजतात, आणि दुकानात एक जुना कंगवा होता, त्याचे नेमके दहा दात शिल्लक होते. तो दोन खुर्च्यांच्या मधे टांगला. एक नमो मरिया झाली की थोरला एका दातावरून बोट पुढे सरकवायचा. पाप्यांच्या मोजणीला तुटका कंगवाच बरा.

पुढचे दिवस विचारू नका. एक श्वास इकडून, एक तिकडून, आणि मध्ये कात्रीचा आवाज; वस्तरा कपाटातच होता, किटली कात्रीवर भागवायचा. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तिसऱ्या दाताला घोरायला लागायचं. हेडमास्तर झोपेत इतके मऊ पडले, की जागे झाल्यावर त्यांनी सगळ्या शाळेला सुट्टी देऊन टाकली. भिंतीवरचं पुढे पळणारं घड्याळ वेळेवर आलं. ज्यांना झोप येत नव्हती असे टकलू गृहस्थ केस कापायला रांगेत उभे राहू लागले. पोस्टमनसुद्धा परत आला, मात्र थोरल्याच्या बाजूला बसला.

शनिवारी किटली ऐटीत दवाखान्यात गेला. बाकावर बसून वाट बघितली, मागचा माणूस मध्येच घुसला, वाफ निघाली, आणि मशीनने पुन्हा फोन नंबर दाखवला.

"काका, मशीन खोटं बोलत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नसेल बोलत. पण इथे माझा पहिला भाग नाही. दुकानात येऊन मोजा. तिथेही हेच निघालं तर वस्तरा तुमच्या हातात देतो."

डॉक्टरबाई हसल्या, पण आल्या. स्टुलावर मशीन ठेवून त्यांनी पट्टी बांधली. थोरल्याने आरशाकडे बघून सुरुवात केली. निम्मा कंगवा होईपर्यंत त्या बघत राहिल्या, मग पट्टी सोडत म्हणाल्या, "हां, आता हा माणसाचा रक्तदाब झाला. एक म्हणतो तेव्हा दुसऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळते, त्याचा हा गुण. गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण हात? एक दाढी करून दाखवा."

रांगेतल्या सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. मी किटलीच्या खुर्चीत होतो आणि कापड गळ्याला बांधलेलं होतं, म्हणून मला काही आठवायला उशीर झाला. किटलीने कपाटातून वस्तरा काढला. "नमो मरिये," थोरला म्हणाला. "पवित्र मरिये," किटली म्हणाला. गालावर तो बारीक खरखर आवाज सुरू झाला. मरणाच्या वेळेपर्यंत एकदा पोचलो, दोनदा पोचलो, आणि तिसऱ्यांदा मला झोप लागली.

जाग आली तर आरशात एक परका माणूस बसलेला. तोंड ओळखीचं, पण नाकाखाली सगळं सपाट.

"माझी मिशी कुठाय?"

"काढली," थोरला म्हणाला.

"दादाने विचारलं," किटली म्हणाला, "काय रे, हिच्यापायीच झालं ना सगळं? मी म्हटलं, हो दादा. मग उजवी त्याने काढली, डावी मी."

"दादाने विचारलं? कोणाला?"

"मला."

"थेट?"

"मग काय, तुम्ही झोपला होतात. निरोप कोणाबरोबर पाठवायचा?"

"हात जरासुद्धा हलला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी स्वतः उभी होते. काका, वस्तरा ठेवा तुमच्याकडेच."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. "डॉक्टरबाई," मी म्हणालो, "या दोघांना सांगा, मी यांच्याशी बोलत नाही."

त्यांनी निरोप दिला नाही. माझी बाही वर सारली, पट्टी बांधली, फुगवली, आणि मशीनकडे बघून भुवया उंचावल्या.

"तुम्हाला काय येतं, पहिला भाग की दुसरा?"

"मी देवळात मागच्या बाकावर बसणारा," मी म्हणालो. "मला आमेन येतं."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्याने कंगव्याखाली, दोन खुर्च्यांच्या बरोबर मधे, स्टूल सरकवलं.

"मग बसा इथे," किटली म्हणाला. "तेवढंच कमी पडत होतं."