हद्दीतले घर

मित्रांनो, मी एक जुने दुमजली घर आहे. गल्लीच्या टोकाला उभे आहे. माझा जिना मध्येच वळतो आणि त्या वळणावर ज्याचे कपाट अडकले नाही, असे एकही बिऱ्हाड आजवर माझ्याकडे आलेले नाही. येणारी माणसे त्या वळणाला नावे ठेवतात. बाकी माझ्याबद्दल फारसे कुणी काही बोलत नाही, कारण मला विकत घेणाऱ्या बहुतेकांनी मला नीट पाहिलेच नव्हते.

मला एका फरशीवाल्याने बांधले. दिवसभर तो लोकांच्या घरांत फरशा बसवायचा आणि संध्याकाळी येऊन माझ्यावर राबायचा. लोकांकडे उरलेल्या, टवके उडालेल्या फरशा तो मागून आणायचा. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात एका फरशीसारखी दुसरी नाही. स्वयंपाकघराची खिडकी कुठे असावी यावरून त्याचे आणि बायकोचे चांगलेच वाजले होते. त्याला ती गल्लीकडे हवी होती, म्हणजे येणारेजाणारे दिसतील. ती म्हणाली, "मला माणसं नकोत, सकाळचं ऊन हवंय. चहा करताना हात गारठतात माझे." खिडकी पूर्वेला झाली. पुढे मित्र आले की तो त्यांना भिंतीपाशी नेऊन म्हणायचा, "ओळंबा लावून बघ. कुठे वाकडी दिसली तर सांग." असे माझे कौतुक व्हायचे. ती दोघे थकली, मुलाच्या गावी राहायला गेली, आणि जाताना बाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या चौकात एक शाळा होती. इतर शाळांसारखीच, कुणी तिचे नाव काढत नसे. मग तिथे नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी काय केले ते मला ठाऊक नाही, मी जागचे हलत नाही. पण काही वर्षांत त्या शाळेचा असा बोलबाला झाला की लोक तिला नुसते 'थोरली शाळा' म्हणू लागले. नियम असा होता, की ज्याचे घर शाळेच्या हद्दीत, त्याच्याच मुलांना तिथे प्रवेश. ती हद्द माझ्या अंगणाच्या पुढपर्यंत जात होती, म्हणजे मी आत होते.

झाले! माझे भाग्य उजळले. आता दलाल माझ्या दारात उभे राहून म्हणत, "हद्दीतलं घर आहे." एवढे पुरत असे. गिऱ्हाईक आत येई, शाळेचे फाटक किती लांब आहे ते विचारी आणि व्यवहार ठरवून जाई. नळ सोडून पाहावा, दार लावून पाहावे, असे कुणाच्या मनातही येत नसे.

एक दंतवैद्य आले, त्यांच्या दोन मुली थोरल्या शाळेत शिकल्या. माणसे वाईट नव्हती. पण नळ गळू लागला तेव्हा त्यांनी खाली बादली ठेवली. पूर्वेची खिडकी फुगली, नीट लागेना, तेव्हा तिला खिळे ठोकून बंदच करून टाकले. "आपल्याला काय इथे जन्म काढायचाय?" ते बायकोला म्हणत. "धाकटीची शाळा संपली की विकून मोकळं व्हायचं." लोकांच्या दाताला बारीकशी कीड लागली तरी त्यांना लगेच दिसे, माझ्या दाराला वाळवी लागलेली मात्र दिसली नाही. मुलींना भिंतीवर चित्र लावायची परवानगी नव्हती. "खिळा मारू नका, विकताना भोक दिसतं." धाकटीचा निकाल लागला आणि सामान बाहेर निघाले. त्यांच्यानंतर आलेले कुटुंबही असेच आले आणि असेच गेले. मी धर्मशाळा झाले नव्हते एवढेच. बाकी फरक थोडा होता.

मग ती तिघे आली. बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला होते. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. आई बेकरीत केकवर नक्षी काढायची. त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. सोबत बाबांची थोरली बहीण होती, भिंगरीची आत्या. घर घ्यायचे तर हद्दीतलेच, हे तिनेच त्यांच्या मनात भरवले होते.

"माझी पोरं मिळेल त्या शाळेत गेली," ती जिना चढता चढता सांगत होती, "आणि मी अजून हळहळतेय. तुम्ही तरी डोळे उघडे ठेवा."

आई स्वयंपाकघरात गेली. तिने खिडकीला जोर लावला. "हिला खिळे का ठोकलेत?"

"अहो वहिनी," दलाल हसला, "वरच्या खोलीतनं थोरल्या शाळेची घंटा ऐकू येते. खिडकीचं काय घेऊन बसलात?"

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी भिंगरीकडे पाहिले. ती जिन्याच्या वळणावरून उड्या मारत होती. आणि सौदा ठरला. त्यासाठी त्यांनी आपले मोठ्या गच्चीचे घर सोडले. पूर्वी आई पायी बेकरीत जायची, आता तिला दोन बस बदलाव्या लागू लागल्या. पण तक्रार नव्हती. पोरीसाठी चालले होते सगळे.

प्रवेशाच्या दिवशी भिंगरीचे केस घट्ट बांधून, बूट चकचकीत करून तिघे बाहेर पडली. मी वाट पाहत राहिले नाही, मला सवय होती. मुले थोरल्या शाळेत प्रवेशाला जातात आणि पेढे घेऊन परत येतात, असेच मी आजवर पाहिले होते. ती मात्र लवकर परतली. बाबा बूट न काढता जिन्यातच बसले.

"हद्द बदलली," ते म्हणाले, जणू आईला अजून कळलेच नव्हते. "नव्या इमारती झाल्या, शाळेत मुलं मावेनात. रेघ आता आपल्या गल्लीच्या मधोमध आली. समोरची बाजू आत, आपली बाहेर."

"दलालाला माहीत असणार."

"फोन उचलत नाहीये."

मित्रांनो, त्या दिवशी मला जे वाटले ते कसे सांगू? इतकी वर्षे लोकांनी माझ्यात एकच गुण पाहिला होता आणि तो एका रेघेने गेला. समोरच्या घराचे छत माझ्याहून जास्त गळते. पण ते आत होते आणि मी बाहेर. आणि ज्यांनी माझ्यासाठी सगळे पणाला लावले होते, ती माणसे माझ्याच जिन्यात खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आत्या तणतणत आली, पण उपाय घेऊनच. "समोरच्या काकांशी बोलले मी. ते तयार आहेत. आपण समोर राहतो असं सांगायचं, बस्स. किती जण करतात." मग तिने भिंगरीला खुर्चीवर उभे केले. "हं, सांग बघू. तू कुठे राहतेस?"

"इथे."

"इथे नाही गं बाई, समोर!"

"समोर काका राहतात. त्यांची मांजर बोचकारते."

"असू दे. कुणीही विचारलं तरी समोरच म्हणायचं. कळलं?"

भिंगरीने मान हलवली. थोडा वेळ ती चक्क स्थिर उभी राहिली. मग म्हणाली, "आणि मैत्रीण म्हणाली, तुझ्या घरी खेळायला येते, तर? तिला कुठे नेऊ?"

"ताई, पुरे," आई म्हणाली. तिने भिंगरीला खुर्चीवरून खाली घेतले. "शाळेत पाऊल टाकायच्या आधी खोटं शिकवायचं, आणि वर म्हणायचं शाळा चांगली आहे."

"एका वाक्यानं जन्माचं भलं होत असेल तर काय बिघडलं?"

"रोज बोलावं लागेल ते वाक्य. रोज भीती. तिलाही आणि आपल्यालाही."

"मलाही हे पटत नाही," बाबा हळूच म्हणाले. "पण मग काय, पुलापलीकडच्या शाळेत घालायचं हिला?" आमच्या बाजूला आता ती शाळा लागू झाली होती. गल्लीत तिचे नाव निघाले की लोक तोंड वाकडे करीत.

"तू पाहिलीस ती?" आईने विचारले.

"नाही. सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी पाहिलीय?"

"पाहायला कशाला हवी?" आत्या कडाडली. "पोरीचं वाटोळं करायला निघालात!" ती चहाही न घेता निघून गेली.

आईने बेकरीतून रजा घेतली आणि एका सकाळी एकटीच पुलापलीकडे गेली. परत आली तेव्हा पर्स खांद्यालाच होती, ती उभ्या उभ्याच बोलू लागली. "तिथल्या बाईंना विचारलं, वर्गात बसू का? त्या म्हणाल्या, बसा की, मागे जागा आहे. मी बसले मधल्या सुट्टीपर्यंत."

"मग?"

"सगळं छान आहे असं नाही. विज्ञानाला सध्या कुणी शिकवायलाच नाही. नळाला पाणी येत नव्हतं. आरडाओरडा तर इतका, की माझं डोकं उठलं." तिने पर्स खाली ठेवली. "पण एक मुलगा फळ्यावर चुकला ना, तर बाईंनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, थांबा, हा इथवर कसा पोचला ते आधी शोधू या. सगळा वर्ग शोधायला लागला. तो मुलगासुद्धा. आणि पुस्तकांचं कपाट पाहिलं, रिकामं! मी म्हटलं, पुस्तकं नाहीत का? तर म्हणाल्या, आहेत ना, मुलांच्या घरी आहेत."

बाबांनी चष्मा काढून पुसला. विचार करताना ते नेहमी तसे करत. "थोरल्या शाळेत आपण कधी असे बसलो का गं?"

"फाटकाच्या आत तरी गेलो होतो का?"

बराच वेळ दोघे बोलत राहिली. शेवटी बाबा म्हणाले, "एक वर्ष बघू. नाही जमलं तर हे घर विकून पुन्हा दुसरीकडे." म्हणजे परीक्षा भिंगरीची होती, त्या शाळेची होती आणि माझीही होती.

वर्ष सोपे गेले नाही. सुरुवातीला भिंगरी कितीदा तरी रडत घरी आली. तिच्या बोलण्याच्या वेगाची मुले नक्कल करायची. आई खचून जायची, बाबा मुकाट्याने वर्तमानपत्रातल्या घरांच्या जाहिराती वाचायचे. मग एकदा भिंगरीने विचारले, "बाबा, विज्ञानाला कुणीच नाही. तुम्ही याल का? बाईंना मी सांगून टाकलंय की तुम्ही याल." बाबा घाबरले. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती. पण शब्द पोरीने देऊन टाकला होता. दुकानातल्या टाकाऊ काचा पिशवीत भरून ते शनिवारी गेले. आदल्या दिवशी त्यांनी तो सगळा धडा माझ्या भिंतींना शिकवून पाहिला होता.

ते परतले ते हसतच. भिंगरीची नक्कल करणाऱ्या मुलांतला एक त्यांच्यासोबत थेट दारापर्यंत चालत आला होता, कारण त्याचे प्रश्न संपेनात. "एक पोरगा काचेतून इतका वेळ स्वतःचा अंगठाच बघत होता," बाबा आईला सांगू लागले, "मी पुढचं सगळं विसरलो." पुढच्या शनिवारीही ते गेले. विज्ञानाच्या नव्या बाई आल्यावरही त्यांचे शनिवार सुटले नाहीत. हळूहळू दुपारी माझ्या जिन्यात मुलांचे बूट दिसू लागले. भिंगरीच्या मैत्रिणी घरी येत होत्या.

वर्ष सरताना तोच दलाल दारात उभा राहिला. लाज वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "साहेब, समोर हद्दीतलं एक घर निघालंय. लहान आहे, पण तुमचं काम होईल. हे मी काढून देतो. भिंगरीसाठी तुम्ही केवढं केलंत, मला माहितीये."

बाबांनी आत हाक मारली. आई पिठाचे हात पुसत बाहेर आली. "काय म्हणतेस?" त्यांनी विचारले.

"तिलाच विचार."

भिंगरी जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली आली. सगळे ऐकून घेतले. "समोर गेलं की शाळा बदलायची?"

"हो."

"मग नको. आणि समोरचा जिना सरळ आहे."

दलाल बघतच राहिला. बाबांनी त्याला पाणी दिले, चहाही दिला, आणि घर विकायचे नाही म्हणून सांगितले. त्याच आठवड्यात सुतार आला. त्याने पूर्वेच्या खिडकीचे खिळे काढले, वाळवी लागलेले दार उतरवले आणि नवे बसवले. वरच्या खोलीत भिंगरीने स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. तो वाकडा गेला, थोडे प्लास्टर पडले. मला काही म्हणजे काही दुखले नाही.

मित्रांनो, आता भिंगरी उंच झाली आहे. पुलापलीकडच्या शाळेत आजही काही गोष्टी धड नाहीत; मी खोटे कशाला सांगू? पण परवा आत्या आली होती. नातवाला शाळेत घालायची वेळ झाली आहे. चहा पिता पिता तिने आडून विचारले, "तुमच्या त्या शाळेच्या हद्दीत एखादं घर निघालंय का गं?"

आई हसली नाही. म्हणाली, "घर नंतर बघू, ताई. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. आधी वर्गात मागे बसा. आणि नातवालाही घेऊन या."

आत्या उद्या येणार आहे.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही मुलांसाठी घर शोधायला निघाल. शाळा बघून घर घ्या, त्यात काही वावगे नाही. पण शाळा फाटकाबाहेरून बघू नका. आणि घरात आलात की नळ सोडून पाहा, खिडकी उघडून पाहा, मुलांना भिंतीवर चित्र लावू द्या. आम्ही घरे काही मागत नाही. तुमची मुले आमच्यात मोठी होत असतात, तेवढी वर्षे तुम्ही मनाने आमच्यात राहा.